कमरेच्या उंचीवरून: जुन्या फॅशन फोटोंमधला डौल कुठून यायचा?

घरातल्या कुणाला तरी भिंतीपाशी उभं करा. सहा फुटांवरून, नेहमीसारखा मोबाइल डोळ्यांसमोर धरून, डोक्यापासून पायापर्यंतचा एक फोटो काढा. मग जागचं न हलता मोबाइल खाली, बेंबीच्या उंचीवर आणा. वाकडा न करता सरळ उभा धरा आणि दुसरा फोटो काढा. आता दोन्ही शेजारीशेजारी बघा. पहिल्यात डोकं जरा मोठं आलंय, पाय आखूड झालेत, माणूस वरून दाबल्यासारखा दिसतोय. दुसऱ्यात त्याच माणसाचे पाय लांब झालेत आणि मान मोकळी झालीय.

कारण अगदी साधं आहे. लेन्स डोळ्यांच्या उंचीवर असली की समोरच्याचं डोकं लेन्सला जवळ पडतं आणि पाय लांब. जवळचं मोठं दिसतं, लांबचं लहान. लेन्स कमरेपाशी आणली की डोकं आणि पाय जवळजवळ सारख्याच अंतरावर जातात, मग पायांवर अन्याय होत नाही.

१९४५ ते १९६० या काळातले पॅरिस-न्यूयॉर्कचे फॅशन फोटो बघताना आपण म्हणतो, काय बाई डौल होता त्या काळच्या मॉडेल्सचा! असतीलच त्या देखण्या. पण त्या डौलाचा निम्मा हिशेब असल्या बारीकसारीक गोष्टींत आहे. शिंप्याच्या टाक्यांत, मानेच्या कोनात, कॅमेऱ्याच्या उंचीत आणि अंधाऱ्या खोलीतल्या रसायनांत.

त्या काळच्या अनेक फॅशन फोटोग्राफरांचा लाडका कॅमेरा म्हणजे रोलायफ्लेक्स. जर्मन बनावटीचा, उभ्या डब्यासारखा, पुढे एकाखाली एक दोन भिंगं. वरच्या भिंगातून फोटोग्राफरने बघायचं, खालच्यातून फिल्मवर चित्र उमटायचं. हा डोळ्याला लावायचा कॅमेराच नव्हे. गळ्यात अडकवून पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं. आपल्याकडे होमाई व्यारावालांच्या हातात तो होता. आणि त्याचा जपानी भाऊबंद यशिका ज्यांनी हाताळलाय त्यांना त्या काचेची गंमत ठाऊक असेल: चित्र सुलटं दिसतं, पण आरशातल्यासारखं. समोरची बाई डावीकडे सरकली की काचेत उजवीकडे जाते. सवय होईपर्यंत माणूस कॅमेरा घेऊन उलट्याच दिशेला सरकत राहतो.

म्हणजे ती कमरेची उंची कुणी कलेसाठी मुद्दाम शोधलेली नव्हती, यंत्राच्या रचनेतूनच ती आली होती. शिवाय दुसरा एक फायदा होता. फोटोग्राफरचा चेहरा कॅमेऱ्यामागे लपत नसे. मान वर केली की मॉडेलशी नजरानजर, खाली घातली की चित्र. बोलत बोलत, हसवत, चिडवत काम चाले. एका रोलवर ६ बाय ६ सेंटिमीटरचे चौकोनी बारा फोटो. बारा संपले की थांबायचं, रोल बदलायचा. आज मोबाइलवर आपण बारा फोटो नुसते हात स्थिर होईपर्यंत काढतो.

आता कपड्यांकडे येऊ, कारण खरा पाया तिथे आहे.

दुसऱ्या महायुद्धात युरोप-अमेरिकेत कापडावर निर्बंध होते. ब्रिटनमध्ये तर कपड्यांचं रेशनिंग १९४९पर्यंत चाललं. घागरे आखूड, खांदे चौकोनी, कोटाला खिसे किती असावेत तेही सरकार ठरवणार. अशात १२ फेब्रुवारी १९४७ला पॅरिसमध्ये ड्रेस डिझायनर ख्रिस्तियाँ दिओर यांनी कपड्यांचा आपला पहिला संग्रह दाखवला. खांदे उतरते, कंबर मुठीएवढी, आणि खाली पोटऱ्यांपर्यंत पसरलेला वारेमाप कापडाचा घेर. ‘हार्पर्स बझार’ या अमेरिकन फॅशन मासिकाच्या संपादक कार्मेल स्नो यांनी त्याला ‘न्यू लुक’ म्हटलं आणि ते नाव चिकटलं. दिओरना भांडवल पुरवणारे मार्सेल बुसाक हे फ्रान्सचे बडे कापडगिरणीवाले होते. घागऱ्याला दुप्पट-तिप्पट कापड लागलं तर गिरणीवाला कशाला तक्रार करेल, हे गिरणगाव बघितलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

त्या पोशाखातली खरी करामत आत होती. कंबर बारीक दाखवायचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे ती आवळणं, आणि तसं केलं जाईच. छोटा, घट्ट कंबरपट्ट्याचा कॉर्सेट होताच. पण माणसाला श्वास घ्यावा लागतो, जेवावंही लागतं, त्यामुळे आवळण्याला मर्यादा आहे. दुसरा मार्ग जास्त हुशारीचा: कंबरेच्या खालचं आणि वरचं मोठं करा. दिओरच्या प्रसिद्ध ‘बार’ जॅकेटच्या खालच्या झालरीत, नितंबांवर, भरणी केलेली असे. त्यामुळे मधला भाग आहे त्याहून बारीक वाटे. डोळा इंच मोजत नाही, तुलना करतो. घागऱ्याला आतून पातळ पण कडक विणीचं सुती अस्तर लावलेलं असे, म्हणून तो घेर चालताना कोसळत नसे. ऑर्गंडीची साडी नेसलेल्या आपल्या आज्यांना हे शास्त्र माहीत होतं. खाली खळ घातलेला कडक परकर नसेल तर ती साडी उभी राहत नाही, लोळते.

असा पोशाख अंगात घातला की पोक काढून बसताच येत नाही. पाठीचा कणा सरळ, खांदे मागे, पावलं छोटी. डौलाचा एक मोठा भाग कापडच माणसाकडून वसूल करून घेत असे.

आणि तरीही तो फोटोत दिसेलच असं नाही. दिओरकडचे नमुने त्यांच्या स्वतःच्या, घरच्या मॉडेल्सच्या मापाने शिवलेले असत. फोटोसाठी उभी राहणारी मॉडेल वेगळी. मग ढगळ झालेला कपडा पाठीमागून टाचण्यांनी, चिमट्यांनी ओढून घ्यायचा. अगदी दोरीवर वाळत घालायचे चिमटेसुद्धा चालत. पुढून महाराणी, मागून वाळत घातलेलं धुणं. म्हणून त्या काळच्या फोटोंत मॉडेल कुठल्या बाजूने कॅमेऱ्याकडे वळली आहे यात सौंदर्याइतकाच चिमट्यांचाही विचार असे. दिवसा हे कपडे गिऱ्हाइकांना आणि व्यापाऱ्यांना दाखवायला लागत, म्हणून मासिकांचं काम बऱ्याचदा रात्री चाले. पहाटे तीनला, चार तास उभं राहिल्यावर, चेहरा ताजा ठेवणं हाही कामाचा भाग होता.

पोझ. हा शब्द आपण हलकेच वापरतो, जणू काही सहज घेतली जाते. त्या काळातल्या कुठल्याही चांगल्या फोटोसमोर बसा आणि अंगाचे भाग एकेक करून बघा. वजन बहुतेक मागच्या पायावर आहे. त्यामुळे पुढचा पाय मोकळा होतो आणि एक नितंब किंचित वर जातो. कंबरेखालचं शरीर एका दिशेला, खांदे दुसऱ्या दिशेला, चेहरा तिसरीकडे. आपल्याकडे देवळांतल्या मूर्ती बघणाऱ्याला हे त्रिभंगासारखं वाटेल, आणि तत्त्व तेच आहे. सरळ खांब निर्जीव दिसतो, तीन ठिकाणी वळलेली रेषा जिवंत.

मग हात. कोपर धडापासून सुटलेलं असतं, हात आणि कंबर यांच्यात हवेची एक फट असते. ही फट मोलाची. हात अंगाला चिकटला की फोटोत कंबर आणि दंड एकच होतात आणि बाई दुप्पट रुंद दिसते. तळवा कधी कॅमेऱ्यासमोर सपाट येत नाही, करंगळीकडची कड दिसते, कारण सपाट तळवा चेहऱ्याएवढा मोठा दिसतो. हनुवटी पुढे आणि किंचित खाली, म्हणजे जबड्याची रेघ ठसठशीत. आमच्या आत्याचा लग्नाआधी काढलेला स्टुडिओतला फोटो आहे. त्या फोटोग्राफरने तिला ‘हनुवटी जरा खाली, हं, आता हलू नका’ असं म्हणून म्हणून रडकुंडीला आणलं होतं, ही गोष्ट ती अजून सांगते. त्याला प्रकाशाची आणि जबड्याची काळजी होती, तिला वाटलं आपल्याला उभंही राहता येत नाही.

लिसा फॉन्साग्रीव्ह्स या मॉडेलचं नाव इथे घ्यायलाच हवं. स्वीडनमध्ये १९११ साली जन्मलेली, नाच शिकायला पॅरिसला आलेली. मॉडेलिंगला सुरुवात झाली तेव्हा ती लूव्र संग्रहालयात जाऊन जुन्या चित्रांतल्या बायका कपडे कसे वागवतात ते निरखायची. मॉडेलिंग हा स्थिर उभा राहिलेला नाच आहे असं ती मानायची, आणि स्वतःला कपडे टांगायचा चांगला हँगर म्हणवून घ्यायची. १९३९ साली फोटोग्राफर एर्विन ब्लुमेनफेल्ड यांनी तिचा आयफेल टॉवरवर फोटो काढला: टोकाला, लोखंडी चौकटीला एका हाताने धरून, दुसऱ्या हाताने घागऱ्याचा पंख पसरून, खाली अख्खं पॅरिस. तोल कुठे सांभाळायचा हे नर्तकीला माहीत असतं. बघणाऱ्याला मात्र फक्त वारा दिसतो.

१९५० साली फोटोग्राफर आयर्विंग पेन ‘व्होग’ या फॅशन मासिकासाठी पॅरिसला आले. त्यांनी एक जुना नाटकाचा पडदा मिळवला, रंग उडालेला, डागाळलेला करडा, आणि तो मॉडेलच्या मागे टांगला. वरून खिडकीचा दिवसाचा उजेड. खुर्ची नाही, झुंबर नाही, जिना नाही. मागे काहीच नसलं की माणूस किती उंच आहे हे कशाशी ताडणार? डोळ्याला माप मिळत नाही आणि आकृती पुतळ्यासारखी भव्य होते. तो पडदा पेन यांनी पुढे आयुष्यभर वापरला. त्याच पडद्यासमोर लिसाही उभी राहिली आणि त्याच वर्षी दोघांनी लग्न केलं. माझ्या मते त्या दशकातलं सगळ्यात शुद्ध काम हेच. पण हा आवडीचा भाग झाला.

एक गोष्ट विसरली जाते. त्या काळी मॉडेल्स आपला मेकअप आणि केस बहुधा स्वतःच करत. मोठी पिशवी किंवा टोपीचा गोल डबा घेऊन फिरायच्या. त्यात हातमोजे, खोटे मोती, वेगवेगळ्या रंगांचे बूट, केसांचे गंगावन, पावडरी. म्हणजे फोटोग्राफर येण्याआधी अर्ध्याहून जास्त काम त्यांनी आरशासमोर उरकलेलं असे. त्याचं श्रेय फोटोखाली छापलं जात नसे. न्यूयॉर्कमध्ये १९४६ साली आयलीन आणि जेरी फोर्ड यांनी एजन्सी काढली आणि एक साधी सोय केली: गिऱ्हाइकाकडून पैसे यायच्या आधीच मॉडेलला तिच्या तासांचे पैसे द्यायचे. उधारीवर जगणाऱ्या धंद्यात ही क्रांतीच होती.

फोटो काढून झाला तरी काम संपत नसे. निगेटिव्हवर बारीक ब्रशने, पेन्सिलीने रिटचिंग होई; आपल्याकडच्या स्टुडिओवाल्यांनीही सुरकुत्या आणि मुरमं अशीच घालवली. डार्करूममध्ये प्रिंट करताना काही भागावर हाताची सावली धरून तो उजळ ठेवायचा, काही भागाला जास्त वेळ प्रकाश देऊन गडद करायचा. ‘हार्पर्स बझार’मध्ये फोटोग्राफर लिलियन बासमन तर रसायनाने प्रिंटचे तपशील पुसून बाईला धुक्यातली रेषा करून टाकत. ‘व्होग’चं जानेवारी १९५०चं मुखपृष्ठ याचं टोक आहे. ब्लुमेनफेल्ड यांनी काढलेल्या फोटोत मॉडेल जीन पॅचेटच्या चेहऱ्यातलं सगळं पुसलं, उरले एक डोळा, भुवई, ओठ आणि एक तीळ. तरी ओळख पटते. फोटोशॉप आल्यावर चेहरे खोटे झाले असं म्हणणाऱ्यांनी ते मुखपृष्ठ बघावं.

आणि शेवटी पान. ‘बझार’चे कलादिग्दर्शक अलेक्सी ब्रोडोविच पांढरी जागा सोडण्यात उस्ताद. फोटो पानाच्या एका कडेला, उरलेलं पान रिकामं. कोऱ्या कागदाची चैन परवडते हे दाखवणं हाही एक डौलच.

या डौलाच्या चौकटीत कोण येऊ शकत नव्हतं, तेही बघायला हवं. जवळजवळ सगळ्या मॉडेल्स गोऱ्या होत्या. शांघायला जन्मलेल्या, मिश्र वंशाच्या मॉडेल चीना मचाडोचे फोटो ‘बझार’मध्ये फेब्रुवारी १९५९ला आले, तेही फोटोग्राफर रिचर्ड ॲव्हेडन अडून बसले म्हणून. आडनाव वाचून गोव्याची आठवण होईल, ते पोर्तुगीजच आहे. आणि भारत? भारत यायचा तो पार्श्वभूमी म्हणून. फोटोग्राफर नॉर्मन पार्किन्सन १९५६ साली ‘व्होग’साठी इथे आले आणि जयपूरच्या राजवाड्यात गुलाबी कोट घातलेल्या मॉडेल ॲन गनिंगचा फोटो काढला, मागे सजवलेला हत्ती. रंगांच्या दृष्टीने अप्रतिम फोटो आहे. फक्त त्यात आपण मंडळी पडद्याचं काम करतोय.

हत्तीवरून त्या काळातल्या सर्वांत प्रसिद्ध फोटोकडे येतो. ऑगस्ट १९५५, पॅरिसचं सर्क दिव्हेर, म्हणजे हिवाळी सर्कस. ॲव्हेडन यांना तिथे मोठ्या काचेच्या छताखाली हत्ती उभे दिसले, आणि मॉडेल होती डोविमा. तिचं पूर्ण नाव डोरोथी व्हर्जिनिया मार्गारेट जुबा. तिन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून डो-वि-मा. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधली मुलगी. दहाव्या वर्षी संधिवाताचा ताप आला आणि अनेक वर्षं अंथरुणात गेली. हे नाव तिने तेव्हाच आपल्या एका काल्पनिक मैत्रिणीला दिलं होतं. लहानपणी पुढचा दात तुटला होता, म्हणून फोटोत ती ओठ मिटून हसायची आणि लोकांना त्यात गूढ, खानदानी स्मित दिसायचं. दर तासाला ६० डॉलर घ्यायची, म्हणून तिला ‘मिनिटाला डॉलर’वाली म्हणत.

अंगावर दिओरचा काळ्या मखमलीचा घट्ट झगा, कमरेला पांढऱ्या सॅटिनचा लांबलचक पट्टा. तो झगा रेखाटला होता दिओरकडे नुकत्याच लागलेल्या १९ वर्षांच्या ईव्ह सँ लोराँने.

आता वर सांगितलेलं सगळं या एका फोटोत शोधून बघा. वरून छतातला मऊ उजेड. काळा झगा एक सलग उभी रेषा, आणि तिच्या शेजारी हत्तीची जाडजूड, सुरकुतलेली कातडी. मखमलीचा गुळगुळीतपणा कळतो तो त्या सुरकुत्यांमुळेच. एक हात सोंडेवर, दुसरा दुसऱ्या हत्तीकडे पसरलेला, दोन्ही हात धडापासून सुटे. मान मागे टाकलेली, पापण्या मिटत आलेल्या, जणू ती एकटीच आहे. पेन यांनी मापच नाहीसं करून आकृती मोठी केली होती. ॲव्हेडन यांनी उलट केलं, जगातलं सगळ्यात मोठं माप शेजारी आणून ठेवलं. त्यापुढे ती चिमुकली दिसायला हवी होती, पण हत्तीच तिच्याभोवती नाचताहेत असं वाटतं. नीट बघितलं तर हत्तींच्या पायांत साखळदंड दिसतात. ते पुसले नाहीत हे बरं केलं.

डोविमा १९६२च्या सुमाराला मॉडेलिंगमधून बाहेर पडली. तोवर छोटे, डोळ्याला लावायचे कॅमेरे, तयार कपडे आणि विशीतल्या उड्या मारणाऱ्या मुली असा जमाना येऊ घातला होता. पुढे ती फ्लोरिडात एका पिझ्झाच्या हॉटेलात गिऱ्हाइकांचं स्वागत करायची. १९९० साली वारली. २०१०मध्ये पॅरिसच्या लिलावात या फोटोची सात फुटांहून उंच प्रत ८ लाख ४१ हजार युरोंना गेली. घेतली दिओर कंपनीने.

स्वतः ॲव्हेडन मात्र या फोटोला फसलेला म्हणत. त्यांची हरकत त्या पांढऱ्या पट्ट्यावर होती. तो खाली लोंबतोय, डावीकडे हवेत उडायला हवा होता, म्हणजे चित्राची रेषा पुरी झाली असती. बरोबरच आहे, एकदा ऐकलं की त्या फोटोत दुसरं काही दिसतच नाही. पण मी बराच वेळ विचार केला, की उडवणार कसा? पंखा लावावा तर एवढं जड सॅटिन हलत नाही. दुसरा उपाय म्हणजे सहायकाने पट्ट्याचं टोक जोरात भिरकावायचं आणि शटर पडायच्या आत चौकटीबाहेर पळायचं. स्टुडिओत हे सहज जमतं. इथे फक्त हत्तींच्या पायांमधून पळावं लागलं असतं.